तळ्याकाठचं गेट

९ नोव्हेंबर, रविवार

शाळेत सिस्टर बर्नाडेट रोज संध्याकाळी आम्हा बोर्डिंगच्या मुलींकडून डायरी लिहून घ्यायच्या. इंग्रजीत, आणि खरं तेवढंच. औरंगाबाद सुटलं तशी ती सवयही सुटली. लग्नानंतर सांगण्यासारखं काही घडलं तर यांना सांगितलं की पुरायचं. आता सांगायला घरात कुणी नाही, म्हणून वही काढली. रोहिणी पुण्याहून फोनवर म्हणते, "आई, मनातलं लिहीत जा." मनात काही नाही. दिवसभरातलं लिहीन.

हे आषाढात गेले. तेव्हापासून संध्याकाळी मी तळ्यावर जाते. कुणी सुचवलं नव्हतं. एके दिवशी घरातून निघाले आणि पाय तिकडे वळले. इतकी वर्षं हिवरदरीत काढली, पण तळं मी गाडीच्या काचेतूनच पाहिलं होतं. आमच्या घरातल्या बायका चालत कुठं जात नसत.

आज रविवार, म्हणून गर्दी होती. घाटनांदूरहून दोन-तीन कुटुंबं डबे घेऊन आली होती. धरणाच्या भिंतीवर पोलीस भरतीची पोरंपोरी पळत होती. काठाच्या सपाट जागेवर व्हॉलीबॉल चालला होता. खाली दगडांवर बायका गोधड्या धूत होत्या. मी नेहमीच्या दगडावर बसले. वेशीकडच्या चंद्रभागाबाई येऊन शेजारी बसल्या. त्या माझ्याच वयाच्या असतील. त्या मला काही विचारत नाहीत. भेटायला येणारा प्रत्येक माणूस विचारतो, झोप लागते का, जेवता का. चंद्रभागाबाई पाण्याकडे बघत बसतात. कधी म्हणतात, "बगळे लई झाले औंदा." मी हो म्हणते. तेवढंच आमचं बोलणं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अमरसिंहभावजी आले होते. हे गेल्यापासून त्यांनी मला काही कमी पडू दिलं नाही. दूध त्यांच्या गोठ्यातून येतं, गाडी लागेल तेव्हा दारात उभी असते. धाकटा दीर असा असावा.

यांच्या नावानं काहीतरी करायचं त्यांच्या मनात आहे. तळ्याच्या काठाची जागा सरकारी खात्याकडून लांब मुदतीच्या भाड्यानं घ्यायची. तिथं बोटी, राहायला तंबू, छोटं उपाहारगृह. नाव द्यायचं 'सुंदरराव स्मृती जलविहार'. त्यासाठी एक समिती केली आहे आणि अध्यक्ष मी व्हावं, असं त्यांचं म्हणणं.

"मला त्यातलं काय कळतं, भावजी?"

"तुम्ही कॉन्व्हेंटच्या. साहेबलोकांशी बोलायला तुमच्याइतकं दुसरं कोण हाय आपल्याकडं? अन् दादांच्या नावाला तुमचंच नाव शोभतं, वहिनीसाहेब."

मी हो म्हटलं. हो म्हटल्यावर पुढं काही बोलावं लागत नाही.

त्यांनी ठराव आणलाच होता. त्यात लिहिलं होतं, 'सदर जागा पडीक असून सध्या कोणाच्याही वापरात नाही.' वाचताना वाटलं, मी तर रोज बसते तिथं. पण बसणं म्हणजे काही वापर नव्हे. सही केली. भावजींनी यांच्या फोटोला हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काठावर सिमेंटचे खांब रोवताहेत. मंजुरी अजून यायची आहे, पण तोवर झाडं लावून घेऊ आणि गुरांपासून राखू, असं भावजी म्हणाले. झाडांची गोष्ट चांगली आहे. यांना झाडं आवडत.

चंद्रभागाबाई आज म्हणाल्या, "खांब लई जवळजवळ हायेत. गुरांसाठी एवढे जवळ कशाला?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"तुमाला न्हाई म्हाईत, तर मंग कुनाला?" असं म्हणून त्या हसल्या. हसण्यात राग नव्हता. निदान मला जाणवला नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

तारेचं कुंपण झालं. गेटही बसलं, निळं, लोखंडी. भिंतीवर जायची वाट त्यातूनच जाते. गेटवर बिभीषणला बसवलं आहे. पूर्वी तो यांच्या जीपवर ड्रायव्हर होता. मला बघून उठला, कुलूप काढलं, "या आक्का" म्हणाला. मी आत गेले. चंद्रभागाबाई मागे होत्या. बिभीषणनं गेट लावून घेतलं.

"अरे, त्या माझ्याबरोबर आहेत."

"साहेबांनी फक्त तुमचं नाव सांगितलंय, आक्का. माझ्यावर येईल."

चंद्रभागाबाई तारेपलीकडून म्हणाल्या, "राहू द्या आक्का. बिभीषण गेला तवा लंकेचा निकाल लागलता, आता ह्यो आमच्यावर बसवलाय." बिभीषण ओशाळून हसला. मग त्या परत फिरल्या.

आत कुणीच नव्हतं. व्हॉलीबॉलच्या जाळीचे दोन बांबू तेवढे उभे होते. शाळेत असताना रविवारी दोन-दोनच्या रांगेत आम्हाला तलावावर नेत. सिस्टर पुढे, मागे आम्ही, आणि ताकीद अशी की काठावरच्या माणसांकडे बघायचं नाही. आम्ही फक्त माणसांकडेच बघत असू. पाणी कसं होतं ते मला आज आठवत नाही. भुईमुगाच्या शेंगा विकणारी एक म्हातारी आठवते, आणि एक जोडपं आठवतं, ते दर रविवारी भांडायचं.

आज फक्त पाणी होतं. थोडा वेळ बसले आणि आले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

काही नाही. तूर निवडली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

घाटनांदूरला बँकेत गेले होते. येताना भरतीची मुलं डांबरी रस्त्याच्या कडेनं पळताना दिसली. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून समोरून आला, तशी सगळी खड्ड्यात उतरली. भावजींचा ड्रायव्हर म्हणाला, "जीव द्यायला पळत्येत." मी विचारलं, भिंतीवर का पळत नाहीत? त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. गेटची आठवण मला घरी आल्यावर झाली.

भावजींना फोन करून म्हटलं, मुलांना सकाळी तेवढं आत सोडता येईल का. ते म्हणाले, "सोडू की, वहिनीसाहेब. मंजुरी येऊ द्या. पास काढू त्यांना." त्यांनी लगेच ऐकलं. मला बरं वाटलं असावं.

३ डिसेंबर, बुधवार

चंद्रभागाबाईंकडे गेले. त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच गेले. मला बघून त्यांची सून लगबगीनं खुर्ची शोधायला लागली. मी ओट्यावरच बसले. मुलगे-सुना कोयत्यावर गेले आहेत, ऊसतोडीला, पार कर्नाटकात. ही धाकटी सून बाळंतीण, म्हणून मागे राहिली.

"तळ्यावर का येत नाही? मी बिभीषणला सांगितलंय, तुम्हाला सोडील."

"मला एकलीला सोडील. बाकीच्या बाया बाहेर अन् मी आत, ते कसं दिसंल?"

त्यांचे मालक आश्रुबा आत बाजेवर होते. उठून दारात आले. फार उंच, आणि आता वाकलेले. ते म्हणाले, "आक्का, गेट कवा निघनार?"

"निघणार नाही हो. मंजुरी आली की पास मिळतील सगळ्यांना."

"पास," ते म्हणाले. मग बायकोकडे बघून, "आपल्याच रानात जायला पास, म्हनं."

मला ते समजलं नाही. तळ्यात आश्रुबांचं कसलं रान? चंद्रभागाबाईंनी सांगितलं, तळं झालं तेव्हा त्यांचं सगळं शेत पाण्याखाली गेलं. त्यांचंच नाही, वेशीकडच्या सगळ्या घरांचं गेलं. आमचंही थोडं गेलं होतं, हे यांच्या तोंडून ऐकल्याचं आठवतं. पण आमच्याकडे माळावरचं उरलं, शिवाय मळ्याचं. त्यांच्याकडे काही उरलं नाही.

निघताना चंद्रभागाबाई वेशीपर्यंत आल्या. म्हणाल्या, "आक्का, रोजचं न्हाई म्हनत मी. सनाला तरी गेट उघडं राहील का? म्हंजे एकच दिवस..." आणि मध्येच थांबल्या. "राहू द्या. तुमच्या घरी औंदा सन न्हाई. तुमच्यापुढं सनाची गोष्ट काढू न्हाई."

मी म्हटलं, संक्रांतीपर्यंत मंजुरीचं होऊन जाईल. त्यांनी मान हलवली. बहुतेक त्यांना संक्रांतच म्हणायची असावी.

१० डिसेंबर, बुधवार

अंबाजोगाईहून एका बाईंचा फोन आला. मोहिनी मॅडम. खात्याच्या नव्या अधिकारी, बोलण्यावरून खानदेशातल्या वाटल्या. आवाज तरुण. जागेची पाहणी करायची आहे, म्हणाल्या. "अध्यक्ष म्हणून तुमचं नाव आहे, तर दिवस तुम्हीच सांगा. शक्यतो गर्दी नसेल असा."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. हे गेल्यापासून मी त्यावर फक्त तारखा बघते, तिथ्या बघत नाही. वर्षाचं सुतक नसतं म्हणतात, पण सण नसतो. गणपती झाले, दसरा झाला, दिवाळी झाली, सगळं रस्त्यावरून गेलं आणि आमचं दार बंद राहिलं. पुढच्या आठवड्यातला शुक्रवार मोकळा दिसला. तसे सगळेच दिवस मोकळे आहेत. एकोणीस तारीख सांगितली.

संध्याकाळी भावजींना कळवलं. ते मोठ्यानं हसले.

"वा, वहिनीसाहेब. ह्याच्याहून चांगला दिवस काढताच आला नसता. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं."

का नसतं, ते मी विचारलं नाही. ते खूश होते. त्यांना इतकं खूश मी बऱ्याच दिवसांनी बघितलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

बिभीषण गेटची चावी देऊन गेला. उद्या त्याला सुट्टी हवी होती, भावजींनी लगेच दिली. मी म्हटलं, पाहणीच्या दिवशी कशी सुट्टी? तो म्हणाला, "उद्या येळवस न्हाई का, आक्का."

तेव्हा मला कळलं. उद्या वेळ अमावस्या. आपल्या भागात या दिवशी घराघराला कुलूप असतं आणि जो तो आपल्या शेतात जेवतो. मग भावजींचं हसणं कळलं. अधिकारी येतील तेव्हा गाव शेतात असेल आणि तळं रिकामं दिसेल. मी नकळत त्यांचं काम सोपं केलं.

मला त्याचं काही वाटलं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही. चावी यांच्या फोटोजवळ ठेवली. मागच्या येळवसला आम्ही माळावर होतो. यांनी मला बाजरीच्या वाफवलेल्या उंड्यांवर तूप वाढलं होतं. मी नको म्हणत होते.

१९ डिसेंबर, शुक्रवार

जेवढं घडलं तेवढं लिहिते, घडलं त्या क्रमानं.

मॅडम दुपारच्या आत येणार होत्या. मी गाडीची वाट न बघता चालत निघाले. गाव खरंच रिकामं होतं. सगळ्या दारांना कड्या होत्या. कुत्रीसुद्धा माणसांमागे गेली होती. पण तळ्याच्या रस्त्याला लागले तर पुढे माणसंच माणसं. बायकांच्या डोक्यावर पांढऱ्या फडक्यानं झाकलेल्या पाट्या, पुरुषांच्या डोक्यावर ताकातल्या आंबिलीची मडकी, पोरांच्या हातात कडब्याच्या पेंढ्या. सगळी गेटपर्यंत आली होती. कुलूप बघून कुणी काही बोललं नव्हतं. तारेच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, दगडगोट्यांत जागा करून बसायला लागली होती. वेशीकडची सगळी घरं.

चंद्रभागाबाईंनी मला बघितलं आणि उठून आल्या.

"तुम्ही शेतात नाही गेलात?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग पाण्याकडे हात केला. "हेच की शेत. ती बुडलेली बाभळ दिसते ना, तिथनं डावीकडं आमचं. दरसाली काठावर बसतो, आपापल्या शेताच्या समोर. आंबील पान्यात शिंपडतो. शेत खाली गेलं म्हनून येळवस चुकते व्हय?"

"मला कधी बोलला नाहीत."

"तुमी माळावर जाता. तुमाला कोन कावून सांगंल?" मग आवाज खाली करून म्हणाल्या, "आमी बाहेरच बसतो, आक्का. तुमच्या घरात आमच्यापायी वाद नको."

चावी माझ्या हातात होती. मी कुलूप काढलं. तेव्हा काय मनात होतं ते आठवायचा प्रयत्न केला, पण काही आठवत नाही. उन्हात माणसं खडीवर बसली होती आणि आत गवत होतं, एवढंच.

कुणी घाईनं आत शिरलं नाही. आश्रुबा पुढे झाले, गेटपाशी वाकून मातीला हात लावला आणि मग गेले. मागून एकेक घर गेलं. काठावर गेल्यावर कुणाला काही विचारावं लागलं नाही. पाण्याखालचे बांध त्यांना ठाऊक होते. प्रत्येक घर आपापल्या ठिकाणी थांबलं, मधे बरोबर बांधाएवढी फट सोडून. कडब्याच्या खोपी उभ्या राहिल्या. आत चुना लावलेले पाच दगड, पांडव म्हणून पुजायचे. दोन घरांचं जागेवरून थोडं भांडणही झालं, की तुमची खोप आमच्या हद्दीत आली. एक म्हातारी दुसऱ्या म्हातारीला म्हणत होती, "पान्यात गेलं तरी हातभर सरकायची तुजी खोड गेली न्हाई."

तेवढ्यात मॅडमची जीप आली, आणि मागे भावजींची गाडी.

भावजी उतरले आणि जागीच उभे राहिले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांना येळवस ठाऊक होती. गाव शेतात जातं हेही ठाऊक होतं. ज्यांचं शेत तळ्यात आहे ते कुठं जात असतील, हे मात्र त्यांच्या ध्यानात कधी आलं नव्हतं. मला तरी कुठं आलं होतं?

मॅडम अगदी तरुण आहेत, पायात पांढरे बूट. त्यांनी विचारलं, "ही कसली यात्रा आहे?"

"यात्रा नाही, मॅडम," भावजी पुढे झाले. "आजच गोळा केलेत कुणीतरी. पाहणी हाय म्हटल्यावर विरोधकांनी आणून बसवलेत. इथं एरवी कुणी नसतं."

आश्रुबा हातात भाकरीचा तुकडा घेऊन आले. "या बाई, बसा. येळवसला वाटंनं जानाऱ्याला बी हाक मारून जेवू घालतेत. तुमी तर पाव्हन्या."

"आम्ही तपासणीला आलोय, आजोबा. जेवायला नाही."

"मंग जेवून तपासा."

बायका हसल्या. मॅडमही थोड्या हसल्या, पण बसल्या नाहीत. त्यांनी आश्रुबांना विचारलं, तुम्ही इथं दरवर्षी येता का, कुणाच्या परवानगीनं येता.

आश्रुबा म्हणाले, "सुंदररावांच्या. ह्या आक्कांचे मालक. तळ्याची मोजनी झाली तवा कुनी जमिनी द्यायला तयार नव्हतं. सुंदरराव घरोघरी गेलते. माझ्या ओट्यावर बसून म्हनले, आश्रुबा, पानी सरकारचं होईल, पर काठ तुमचाच राहील. मोकळा राहील. मी हाय तवर कोन अडवनार न्हाई. त्या शब्दावर अंगठे दिलते आमी." ते भावजींकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नव्हते. "आता ते न्हाईत. खरं हाय."

यांनी मला हे कधी सांगितलं नाही. त्यांना त्यात सांगण्यासारखं वाटलं नसेल. असे शब्द ते खूप जणांना देत.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमच्या समितीचा ठराव आहे. जागा कुणाच्याही वापरात नाही, असं तुम्ही सहीनिशी लिहून दिलंय. ते खरं धरायचं का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भावजी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "वहिनीसाहेब, दादांचं नाव लागणार हाय इथं. एवढं ध्यानात ठेवा. पुढचं मी बघतो." आवाज गोडच होता, पण हात माझ्या कोपरावर होता आणि तो घट्ट होता.

मी हात सोडवला आणि चंद्रभागाबाईंच्या घोंगडीवर जाऊन बसले. मला दुसरं काही सुचलं नाही.

"वाढा," मी म्हटलं.

चंद्रभागाबाईंचा हात थांबला. "आक्का, औंदा तुमाला चालत न्हाई. वरीस न्हाई झालं."

"वाढा."

त्यांनी पत्रावळीवर शेंगा-पालेभाज्यांची भज्जी वाढली, उंडे वाढले. पितळी पेल्यात आंबील ओतली. मी खाल्लं. मागच्या कुणीतरी बाईनं तोंडाला पदर लावला, ते मला दिसलं. मी खात राहिले. मग मॅडमना म्हटलं, "इथं बसा." त्या बसल्या. बूट काढून, मांडी घालून. त्यांनाही वाढलं.

त्या पहिला घास घेत होत्या, तेव्हा मी म्हटलं, "ठराव चुकीचा आहे. जागा वापरात आहे. आत्ता तुम्ही जेवताय तीच जागा. मीही रोज इथं येऊन बसते आणि तरी सही केली. तसं लिहून घ्या."

भावजींनी गाडीचं दार लावलं, त्याचा आवाज आला. निघताना ते आश्रुबांना एवढंच म्हणाले, "तुमचं नशीब बलवत्तर हाय, म्हातारबा." आश्रुबा म्हणाले, "आंबील घेऊन जा, मालक. येळवस हाय." ते थांबले नाहीत.

दिवस कलताना सगळ्यांनी आपापल्या शेतासमोर पाण्यात आंबील शिंपडली. शेताभोवती फिरून शिंपडतात तशी, पण काठाकाठानं. चंद्रभागाबाईंनी पेला माझ्या हातात दिला आणि काठावरची एक जागा दाखवली. "हितनं तिकडं तुमचं होतं." मी शिंपडली. पाणी जरा पांढरं झालं आणि मग पुन्हा पाण्यासारखं झालं.

२१ डिसेंबर, रविवार

भावजींकडून दूध आलं नाही. कालही नव्हतं. रतीब लावला.

रोहिणीचा फोन. काका तिला म्हणाले, आईचं मन थाऱ्यावर नाही, काही दिवस पुण्याला ने. ती रडत होती. "आई, तू बाबांच्या वर्षात कुणाकडे जेवलीस?" मी म्हटलं, "हो. भज्जी चांगली झाली होती." तिनं विचारलं, "तू बरी आहेस ना?" बरी आहे म्हटलं. खरं तेवढंच लिहायचं, असं सिस्टर सांगत. ते खरं आहे का, मला माहीत नाही.

३० डिसेंबर, मंगळवार

मोहिनी मॅडमचा फोन. प्रस्ताव परत पाठवला आहे. तार विनापरवाना घातली, म्हणून काढायची नोटीस निघेल. पण हे कायमचं नाही, असंही त्यांनी सांगितलं. समितीनं नवा ठराव केला, तर फाईल पुन्हा चालू शकते. "अध्यक्ष तुम्हीच राहणार ना?" असं विचारलं. मी म्हटलं, कळवते.

५ जानेवारी, सोमवार

भावजी आले. आधी यांच्या फोटोपाशी उभे राहिले. मग बसले आणि राजीनाम्याचा कागद पुढे ठेवला. पेनही काढून दिलं.

"तुम्हाला दगदग झाली, वहिनीसाहेब. माझंच चुकलं. तुम्हाला ह्यात ओढायला नको होतं. सही करा अन् मोकळ्या व्हा."

त्यांचे केस फार पिकले आहेत. दोघा भावांचं कपाळ सारखं आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते चौथीत होते. माझ्याकडून इंग्रजीचा धडा वाचून घ्यायचे. सही करावी असं मला खरोखर वाटलं. माझ्या हातानं त्यांना कधी काही नाकारलेलं नाही. आणि घरात दुसरा कर्ता पुरुष नाही.

"मी अध्यक्ष राहते," मी म्हटलं.

"कशासाठी? तुम्हाला जलविहार नकोय ना?"

"नकोय. म्हणूनच."

त्यांनी पेन परत घेऊन खिशाला लावलं. मग म्हणाले, "दादांनी असं कधी केलं नसतं माझ्याशी."

"हो," मी म्हटलं. "त्यांना तुम्हालाही नाही म्हणवलं नसतं, आणि आश्रुबांनाही नाही. चहा टाकते."

त्यांनी चहा घेतला नाही. कागद इथंच राहिला. यापुढे ते येतील असं वाटत नाही. दिवाणखान्यात त्यांची खुर्ची नेहमी खिडकीशी असते. ती मी तिथंच ठेवली आहे.

११ जानेवारी, रविवार

तार काढून नेली. गेटही नेलं. खांब अजून आहेत, ते उपटायला कुणी आलं नाही. पोरांनी दोन खांबांना व्हॉलीबॉलची जाळी बांधली आहे. बिभीषणची नोकरी गेली. तो काठावर बसून खेळ बघत होता. माझ्याकडे बघून त्यानं मान वळवली. त्याच्यासाठी काही करता येईल का ते बघायला हवं. करणार कोण, ते माहीत नाही. पूर्वी अशा वेळी मी भावजींना फोन करत असे.

संध्याकाळी चंद्रभागाबाईंबरोबर गेले. गेट होतं तिथं माझे पाय आपोआप थांबले. कुलूप काढायची वाट बघत मी उभी राहिले असावे. चंद्रभागाबाई दोन पावलं पुढे गेल्या आणि मागे वळल्या.

"काय झालं, आक्का?"

"काही नाही."

"मंग उभ्या कावून? काय हाय तिथं?"

तिथं खरंच काही नव्हतं. मी पुढे झाले. भिंतीवर वारं होतं. यांना जाऊन सहा महिने झाले. आज मी दगडावर बसून रडले, बराच वेळ. चंद्रभागाबाई पाण्याकडे बघत बसल्या. काठावर माणसं होती, कुणी आमच्याकडे बघितलं, कुणी नाही बघितलं. अंधार पडायच्या आत आम्ही परत आलो.